कोटाची उंची

दुकानात तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. एक तर तोंडात कायम टाचण्या, आणि दुसरं म्हणजे चालणंही तसंच, ताठ. कपडे लहानमोठे करून देणाऱ्या त्या दुकानात तिचं निम्मं आयुष्य लोकांच्या पायाशी गुडघे टेकून गेलं होतं. गिऱ्हाईक आरशासमोर आलं की आपोआप छाती पुढे काढतं, मान उंचावतं. मावशी खालूनच ओरडायची, "रोजच्यासारखं उभं राहा हो! फोटो नाही काढायचा." ऐटीत उभ्या माणसाचं माप घेतलं तर तो घरी जाऊन पुन्हा रोजचा होतो, आणि पँट जमीन झाडत फिरते.

अशा बाईचे स्वतःचेच गाऊन लांब होऊ लागले. आधी निळा, मग ठिपक्यांचा. "सैल पडतंय मेलं कापड," असं म्हणून तिने घेर वर दुमडला, टीप मारली आणि मोकळी झाली. कापडवाल्याशी तर तिने भर दुकानात भांडण काढलं. तो बिचारा शपथा घेऊन दमला. दुसरी एखादी बाई गाऊन पायात येतोय म्हणून विचारात तरी पडली असती. हिच्या हाताशी मशीन होतं, त्यामुळे विचार करायची वेळच आली नाही.

मध्यंतरी कापडाचा तागा उचलताना पाठीत जोराची चमक भरली होती. तिने मलम चोळलं, वयाला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा कामाला लागली. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर बाईची हाडं आतून झिजायला लागतात, हे तिच्या गावीही नव्हतं. जेवण म्हणजे चहा आणि त्यात बुडवलेला पाव, तोही उभ्याउभ्या. घरात दूध, दही, अंडी येत ती लेकीसाठी.

मग थंडी पडली आणि ट्रंकेतला कोट बाहेर निघाला. तरुणपणी तिने तो स्वतः शिवला होता, जाड लोकरीचा, आतून पूर्ण अस्तर लावलेला. तो घालून ती दारातल्या आरशासमोर उभी राहिली, तर घेर थेट बुटांवर टेकला. लोकर एक वेळ ओघळेल, पण अस्तर कसं ओघळेल? आणि घडी घालून ठेवलेला कोट ट्रंकेत पडल्यापडल्या कसा वाढेल? कोट होता तेवढाच होता. तीच कमी झाली होती.

तिला आई आठवली. आईचेही गाऊन असेच लांब व्हायचे आणि हीच ते आखूड करून द्यायची. वर चेष्टाही करायची, "आई, गाऊन वाढतोय की तू आटतेयस?" दोघी हसायच्या. एके दिवशी आई साधी खिडकी उघडायला गेली, तोल जाऊन पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उठली नाही. आईचं सगळं अंथरुणातच करायचं म्हणून हिने तेव्हा स्वतःचं नवंकोरं दुकान कायमचं बंद केलं होतं. आता हिच्या लेकीला नुकतीच मनासारखी नोकरी लागली होती. आपण पडलो की ती नोकरी सोडून उशाशी बसणार, हे तिला लख्ख दिसायला लागलं.

त्या दिवसापासून तिची पाचावर धारण बसली. भिंत धरून चालायचं, बसून आंघोळ करायची, वाकायचं नाही, उचलायचं नाही. दुकानात जाणंही तिने बंद केलं, काम घरी मागवलं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आपल्याचसाठी खणलाय असं तिला वाटे. लेकीला मात्र यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, अशी वेडी समजूत.

लेक काही आंधळी नव्हती. "आई, भिंतीला का चिकटतेस गं? रंग काढतेयस का?" तिने हसत विचारलं आणि आई ओक्साबोक्शी रडायलाच लागली; कोटाचं, पडायच्या भीतीचं सगळं सांगून बसली. दुसऱ्या दिवशी लेकीने तिला कोटासकट डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

पाठीचे एक्स-रे निघाले, हाडांची तपासणी झाली. "मावशी, तुमचे दोन मणके दबलेत. ती चमक भरली होती ना, तेव्हाच एक दबला असणार," बाई म्हणाल्या. "गेलेली उंची आता परत यायची नाही. उरलेली सांभाळायची. औषध देते. दूध, दही, अंडी, डाळी, पालेभाज्या तुमच्याही ताटात आल्या पाहिजेत. उन्हात चाला. तागे उचलू नका, पण घाबरून घरात बसूही नका. बसलात तर हाडं आणखी लवकर झिजतील."

"आणि चालताना पडले तर?"

"म्हणून तर आधी हा कोट आखूड करा. आत येताना दोनदा पायात आला तुमच्या."

घरी आल्यावर लेकीने टाचण्यांची डबी घेतली आणि आईसमोर गुडघे टेकले. इतक्या वर्षांत मावशीच्या पायाशी कोणी असं बसलं नव्हतं. समोर आरसा होता. तिने पोट आत घेतलं, खांदे मागे ओढले, मान जमेल तेवढी वर केली. कोटाचा घेर बुटांवरून जरासा उचलला गेला.

"आई," लेक खालून म्हणाली, "रोजच्यासारखी उभी राहा."

मावशीने श्वास सोडला. खांदे खाली आले, पाठीला बाक आला आणि घेर पुन्हा बुटांवर टेकला. आरशातली ती बाई हुबेहूब तिची आई होती. लेकीने टाचण्या लावल्या, खडूने रेघ ओढली.

"कापू, की दुमडून ठेवू?"

दुकानात मावशी दुमडून ठेवायची ते वाढत्या पोरांचे कपडे, पुढे उसवून लांब करता येतात म्हणून. भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

"काप," ती म्हणाली. "आणि जेवायला मलाही दही वाढ. आता उरलेय तेवढी तरी राहायचंय मला."