कुरडयांखालचा कागद

आशाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. डिंगोऱ्याहून पहिली एसटी पकडून ती मंचरजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत जायची. ही माझी पुतणी, मेंढरांमागे न जाता एम.एस्सी. झालेली आमच्यातली पहिलीच. मी जन्मभर खाणीत दगड फोडले. मेहनत कशाला म्हणतात ते मला कळतं, आणि ती करायची ती मेहनतच होती.

हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणारा घट असतो. त्याच्या मधोमध पातळ पडदा, पोटॅशच्या जळजळीत पाण्यात भिजलेला. पडद्याचं पॉलिमर म्हणजे लांबच लांब धागे. त्यांना रसायनाने मधेमधे गाठी मारायच्या. गाठी कमी पडल्या की पडदा फुगून त्याची लापशी होते. जास्त झाल्या की तो पापडासारखा तडकतो, वीजही अडवतो. नेमक्या किती, ते आशाने ठरवायचं. २००६ च्या वैशाखात पैसे देणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर घटावर छोटा पंखा फिरला नाही, तर काम बंद आणि आशाची नोकरीही.

प्रमाण तिला सापडलं. पण काचेवर ओतून वाळवलेला पडदा काचेलाच चिकटायचा, सोडवताना फाटायचा. पाहुणे आठवड्यावर आले. तेव्हा वड्या थापण्याआधी ताटाला लावतात तसं तिने काचेला तेल लावलं. पडदा अलगद सुटला. घट जोडला. पंख्याने थोड्या गिरक्या घेतल्या, मग तो थांबला आणि नळीतून पांढरा फेस यायला लागला.

प्रयोगशाळेच्या सरांनी वाकून पाहिलं. म्हणाले, "आशा, तू पोटॅशमध्ये तेल घालून साबण केलास."

दोघंही हसत सुटले. घरी येऊन सांगतानाही तिला हसू आवरेना. तिची आई गजराबाई ओट्यावर प्लास्टिकच्या कागदावरून वाळलेल्या कुरडया काढत होती.

"मंग धुण्याला आण की थोडा," ती म्हणाली.

आशाचं हसू थांबलं. तिने विचारलं, "आई, कागदाला तेल लावलंस?"

"प्लास्टिकला कशाला तेल? वाळलं की आपसूक सुटतंय."

आशाने तो कागदच ओढला. निम्म्या कुरडया ओल्याच होत्या. गजराबाई तिला रात्रभर बोलत होती.

कागद धुऊन, काचेवर ताणून आशाने त्यावर पडदा ओतला. पाहुण्यांचा चहा झाला, ते पैसे द्यायला कबूल होऊन निघूनही गेले, तरी पंखा फिरतच होता. बंद करायला कुणी हात लावेना.

नोकरी राहिली. पुढचा पगार झाला तेव्हा गावची जत्रा होती. आशाने अख्खा पाळणा तासभर भाड्याने घेतला आणि वस्तीतल्या सगळ्या बायकांना त्यात बसवलं. गजराबाई वरून "थांबवा रं, थांबवा" म्हणून ओरडत होती. पाळणा थांबला, तर ती उतरायला तयार नाही.