गाठोड्यातला जवळा

जवळा भाजायला घेतला की हर्णैच्या किनाऱ्यावरचं मासळी सुकवायचं आमचं खळं डोळ्यांपुढे येतं, आणि शेणाने सारवलेल्या त्या जागेत जवळा पसरणारी ती बाईसुद्धा. ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळून आलेली. सरकारी ओळखकार्ड नसेल त्याला मासेमारीच्या बोटीवर घ्यायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा तिचा नवरा घरी बसला आणि ही आमच्याकडे कामाला येऊ लागली. येताना रोज गाठोडं आणायची नि नजरेसमोर ठेवायची. "काय असंल गो त्यात? बघायला हवं," माझी जाऊ सारखी कुजबुजायची. एका दुपारी रस्त्यावर पोलिसांची जीप थांबली. बाईने झटकन गाठोडं उचललं, तसं जावेने ते हिसकावून घेतलं आणि त्याची गाठ सोडली. आत पातेलं, पोरीचे कपडे आणि मूठभर सुका जवळा. "चोरलास ना?" जाऊ ओरडली. "मजुरीत तुम्हीच दिला. पळावं लागलं तर नव्या गावात पहिल्या दिवशी कोण काय देत नाही," बाई म्हणाली, आणि गाठ परत बांधता बांधता तिने विचारलं, "जीप कोणी बोलावली?" "मी नाही," मी म्हटलं. एरवी जिचं तोंड मिटत नाही ती जाऊ खाली वाकून जवळा पसरत राहिली. बाई गाठोडं घेऊन मागच्या वाटेने निघून गेली; संध्याकाळी त्यांची खोली रिकामी होती. आजही जवळा भाजताना मी जावेकडे बघते. ती मान वर करत नाही.