न मोजलेली हवा

जऊळक्याहून समुद्र कुठल्याही बाजूनं चारशे किलोमीटरच्या वरच. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. तरी आमच्या गल्लीत एक दर्यावर्दी राहतो, आणि त्याच्या घराची भिंत माझ्या चक्कीला लागून आहे. एजाज त्याचं नाव. वडील स्टेशनाजवळ गाद्या भरायचे. कापसाशिवाय त्या घरात काही तरंगत नव्हतं. हा मात्र विशीत मुंबईला गेला, खलाशी म्हणून मालवाहू जहाजावर चढला आणि वीस वर्षांत सारंग झाला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. पण गावाला एवढी बारीक माहिती कशाला? मी त्याला कप्तान म्हणालो, दुसऱ्या दिवशी रेल्वे फाटकावरचा माणूसही कप्तान म्हणाला. माझ्या चक्कीवर दळण आणि बातमी सारख्याच वेगानं निघतात.

आता तो कायमचा घरी आलाय, पण त्याच्या नाना तऱ्हा सुट्टीवर यायचा तेव्हापासूनच्या आहेत. बंद खोलीत बसत नाही. कोणी सोयाबीनची कोठी उघडली की पहिली हाक ह्याची, "थांब बे, दार उघडं राहू दे थोडा वेळ!" कोणी विहिरीतला गाळ काढायला निघाला की हा जेवणावरून उठतो.

"कप्तान," मी तेव्हा विचारायचो, "नहानीत जाताना बी हवा मोजता काय?"

त्याची आई हाजराबी ओट्यावरून ओरडायची, "विकास, तुही जीभ एक दिवस पट्ट्यात सापडन पाय!"

एजाज हसायचा. पण ते हसू कसं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

किन्हीराजाच्या बाजूला एक तांडा आहे. तिथल्या मोहनसिंगकाकांना वीस गावं ओळखतात, ती विहिरीसाठी. कोणाचं जनावर पडो, माणूस पडो, निरोप मोहनसिंगकाकांना. जुन्या विहिरीत उतरायचं असेल तर आधी दोरीला बांधून पेटता कंदील सोडायचा. विझला तर खाली हवा खराब, उतरायचं नाही. हा तांड्याचा कायदा. पण त्याला दुसरा कायदा जोडून आहे: माणूस आत पडलेला असला की कंदीलबिंदील कोणी पाहत नाही. काठावर जो पहिला उभा, तो उतरतो. विचारत बसला, तर पुढं त्याला पंगतीत बसायची लाज वाटते.

मोहनसिंगकाकांचा धाकटा मुलगा राजपाल. त्याला एजाजनंच जहाजाच्या लाईनीत लावलं. कोर्स करवला, कागद करवले, स्वतःच्या हाताखाली घेतला. पहिल्या सफरीवरून दोघं सुट्टीवर आले तेव्हा माझ्या चक्कीवर मैफल भरली होती. एजाजनं सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या पोट्ट्यानं पहिल्याच दिवशी माह्यी इज्जत काढली. मी म्हणलं, खाली कोठारात उतर. तं मले इचारते, मामू, आधी कंदील नाई सोडत काय?"

आम्ही पोट धरून हसलो. जहाजावर कंदील! राजपालही लाजून हसला.

"मंग तुमी काय सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं, आपल्याजवळ मशीन हाये. आतली हवा मोजते. खराब असली तं बोंबलते."

त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो, म्हणून हे सगळं शब्दाशब्दानं आठवतं.

दुसऱ्या सफरीत राजपाल गेला.

जहाजावर लाकडाचे ओंडके भरले होते. ओलं लाकूड बंद कोठारात पडून राहिलं की हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. वास नाही, धूर नाही, काही नाही. कोठारात उतरायला कोठडीसारखा अरुंद जिना असतो. त्यात केरळकडचा एक खलाशी आणि राजपाल सापडले. केरळवाला वाचला, पण पुढं त्याला त्या दिवसातलं काही आठवेना. राजपालची शवपेटी तांड्यावर आली. काही महिन्यांनी कंपनीच्या चौकशीचा अहवाल आला. एजाजनंच तो मोहनसिंगकाकांच्या अंगणात वाचून दाखवला आणि मराठीत सांगितला: दोघं खलाशी सारंगाच्या परवानगीशिवाय खाली उतरले, एकाला वाचवण्यात आलं, दुसरा मरण पावला. खलाशांनी शिस्त पाळावी, अशी सूचना.

मोहनसिंगकाका ऐकून एवढंच बोलले, "पोट्ट्यानं तुमचं आयकलं नाई म्हना."

एजाजनं कागदाची घडी केली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी माझ्या चक्कीच्या दारातून पाहायचो. तुरीला शेंगा आल्या की मोहनसिंगकाका पिशवी भरून घेऊन यायचे. कधी हरभऱ्याचा सोला म्हणजे ओले दाणे, कधी संत्री. एजाज सफरीवर असला तर हाजराबीच्या हातात द्यायचे. आणि दर वेळी तेच, उभ्या उभ्या: "आमच्या पोरापायी तुमच्या नावाले बट्टा लागला, एजाजभाई. माफ करजा. तांड्याचं पोट्टं होतं, हुकूम आयकाची आदत नव्हती."

हाजराबी म्हणायची, "असं नको बोलू भाऊ, तुहं तं लेकरू गेलं." एजाज आत निघून जायचा. मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्यालाही नाव ठेवलं: कप्तानाला शेंगा आवडत नाहीत.

एकदा, राजपाल जाऊन वर्ष होत आलं होतं, एजाज चक्कीवर आला. दळण नव्हतं हातात. मी पट्टा बदलत होतो. तो दारातच उभा राहून म्हणाला, "विकासभाऊ, ते हवेचं मशीन बंद होतं."

"कोणतं मशीन?"

"जहाजावरचं. दीड महिना बंद होतं."

चक्कीवर चार बाया बसल्या होत्या. ऐकणारे असले की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही. मी म्हणालो, "अरे बाप्पा! मंग कप्तान, तुमी तं दीड महिना बिना हवेचे राह्यले!"

बाया हसल्या. एजाजही जरासा हसला, आणि गेला. त्याला काय सांगायचं होतं हे मी विचारलं असतं तर तो बोलला असता की नाही, देव जाणे. पण मी विचारलं नाही. मला फक्त हशा पाहिजे होता आणि तो मिळाला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात तो पुन्हा जहाजावर गेला.

त्या सफरीवरून तो सुट्टीवर आला होता. एका दुपारी हाजराबी पदर सावरत चक्कीवर आली. "विकास, चाल बाबा. पोरगा भिंतीकडं तोंड करून बसला. बोलून नाई राह्यला."

एजाजच्या हातात मोबाईल होता. खलाशांच्या ग्रुपवर बातमी आली होती. त्याच कंपनीचं दुसरं जहाज, तसेच ओंडके, तसाच जिना. दोन खलाशी मेले. कोणीतरी एका कागदाचा फोटोही टाकला होता. खाली उतरण्याआधी भरायचा कागद. त्यात एका ओळीपुढं बरोबरची खूण होती.

"हे काय लिहलं?" मी विचारलं.

"हवा तपासली."

"मंग?"

"त्याईचं बी मशीन बंदच होतं, भाऊ. मीबी असाच कागद भरलता."

मग तो बोलला. मशीन बंद पडल्याचं त्यानं वर कळवलं होतं. पुढच्या बंदरात नवं येईल, असं उत्तर आलं. पुढचं बंदर गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. काम थांबवावं तर वरचे विचारतात काहून थांबलं. म्हणून खूण करायची आणि माणूस उतरवायचा. सगळेच करत. चाळीस वेळा काही झालं नाही, एकेचाळिसाव्यांदा केरळवाला एजाजच्याच हुकमावरून खाली गेला. चौकशीत खरं सांगायचं, तर पहिला प्रश्न त्या खुणेचा निघाला असता. पुढच्या जहाजाचं बोलावणं तेव्हा हातात होतं. म्हणून जबाबात लिहिलं, दोघं माझ्या नकळत उतरले. बाकीच्या खलाशांनी त्याचीच री ओढली.

"चौकशी काहून करते मालूम हाये?" तो म्हणाला. "पुढच्या जहाजावरचा माणूस नाई मेला पायजे म्हणून. मी सांगतलं असतं, तं साऱ्या जहाजाईवरचे मशीन पायले असते. मी सांगतलं पोट्टे आयकत नाई. मंग त्याईनं शिस्तीचे बोर्ड लावले."

मला चक्कीवर हसलेल्या त्या चार बाया आठवल्या.

त्यानं आठवडाभर बसून सगळं लिहिलं. जिथं चौकशी झाली होती तिथं पाठवलं, आणि जहाजांवरच्या अपघातांच्या हकिकती गोळा करून इतर जहाजांना कळवणारी एक संस्था आहे, तिलाही पाठवलं. पुढच्या जहाजाचं बोलावणं मग आलंच नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही. भीती वाटत होती ती तांड्याची.

"तू चाल संगं," मला म्हणाला. "पण तिथं तोंड उघडशीन तं याद राख."

मोहनसिंगकाका शेतात हरभऱ्याला पाणी देत होते. चंदाबाई, राजपालची आई, बांधावर बसली होती. त्यांनी आम्हाला पाहिलं तशी काकांनी सवयीनं सुरुवात केली, "एजाजभाई, यंदा शेंगा घेऊन याले उशीर झाला, माफ..."

"काका, माफी नका मांगू," एजाज म्हणाला, "तुमाले मांगाची गरज नव्हतीच कधी."

उभ्यानंच त्यानं सांगितलं. मशीन, खूण, हुकूम, जबाब. आणि मग ते, जे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. केरळवाला जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर पडलेला दिसला तेव्हा एजाज श्वासाला हवा पुरवणारा मुखवटा आणायला पळाला. राजपाल थांबला नाही. छाती भरून श्वास घेतला, दोरी घेऊन उतरला, त्या माणसाच्या काखेतून दोरी घालून बांधली आणि हात वर केला. वरच्यांनी ओढलं. माणूस वर आला. मग राजपालचा श्वास सुटला आणि तो आणखी खाली कोसळला. एजाज मुखवटा लावून पोचला तोवर सात-आठ मिनिटं झाली होती.

काकांनी हातातलं फावडं खाली ठेवलं.

"म्हणजे त्यानं माणूस काढला," मोहनसिंगकाका म्हणाले.

"काढला, काका. तो माणूस आज जिता हाये. त्याले दोन पोरी हायेत."

काकांनी डोक्याचा रुमाल काढला आणि तोंडावर धरला. चंदाबाई मात्र रडली नाही. ती एजाजकडे पाहत होती.

"आमी तुह्या दारात माफी मांगाले येत होतो," ती म्हणाली. "तू मांगू देली."

ती बांधावरून उठली.

"दरसाली येत होतो. तू शेंगा ठेवून घेतल्या."



चार-पाच महिन्यांनी त्या संस्थेचं पत्रक आलं. जगभरच्या जहाजांना गेलं म्हणतात: मशीन चालू नसेल तर कोठाराचं झाकण उघडायचं नाही, आणि कागदावरची खूण म्हणजे तपासणी नव्हे. एजाज ते छापून घेऊन तांड्यावर निघाला, मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. काका शेतातच भेटले, ओलिताची मोटर चालू होती. त्यानं एकेक ओळ मराठीत सांगितली. पत्रकात दोन्ही अपघात होते. एक खलाशी साथीदाराला वाचवण्यासाठी उतरला आणि त्याला वाचवून मरण पावला, असं आता लिहिलं होतं.

"राजपालचं नाव कुठी हाये?"

"नाव नाई लिहत, काका. कोणाचंच नाई."

"तारीख?"

एजाजनं सांगितली. काकांनी मान हलवली.

"अन् त्या दुसऱ्या जहाजाची?"

एजाजनं तीही वाचली. मोहनसिंगकाकांनी अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि एकेक महिना मोजत गेले. हळूहळू, ओठ हलवत. मला आधीच कळलं ते काय मोजताहेत, एजाजलाही.

"बावीस महिने," काका म्हणाले. "त्या दोघाईच्या बापाले हे कोण सांगन?"

"मी पत्ते काढून राह्यलो, काका."

"पत्र नोको धाडू," ते म्हणाले. "तू सोता जाजो."

आणि ते मोटर बंद करायला धुऱ्याच्या बांधावरून निघून गेले.