पिल्लं उडेपर्यंत

गल्ली त्याला तोंडावर ‘दादा’ म्हणायची आणि पाठीमागे ‘फ्यूज’. फ्यूज उडायला निदान काहीतरी कारण लागतं, याला तेवढंही लागत नाही, असं म्हणणारा एक शिंपी होता. तो पुढे दुसऱ्या गल्लीत राहायला गेला. स्वखुशीने नव्हे.

केबलचा धंदा तेजीत होता तेव्हा फ्यूज खांबावर चढायचा तो कमरेला पक्कड आणि दातांत शिवी धरूनच. पलीकडच्या गल्लीतला केबलवाला याच्या वायरी चोरून कापायचा आणि हा मग त्याची माणसं सोलायला निघायचा. एकदा त्या पार्टीचा एक जण खांबावर असताना याने खालून शिडी काढून घेतली आणि वर बघत, ‘उतर की आता,’ म्हणाला. तो उतरला. अजूनही खुर्चीत बसताना तो आधी एका बाजूला कलतो. फ्यूजच्याही डाव्या भुवईवर टाक्यांची रांग आहे. इतर लोक लग्नाचे फोटो दाखवतात तितक्या हौसेने तो ती विचारणाऱ्याला दाखवतो.

मग लोक सगळं मोबाइलवर बघायला लागले, केबलचा धंदा बुडाला आणि फ्यूज दुकानांतून, जिन्यांतून कॅमेरे बसवू लागला. धंदा बदलला, हात तोच राहिला.

बायकोवर त्याने कधी हात उचलला नव्हता. याचा त्याला फार अभिमान होता. तिच्यासमोर दुसऱ्यांवर उचलला, ताटं भिंतीवर फोडली, न्हाणीचं दार लाथेने बिजागरीसकट उखडलं, पण या गोष्टी तो धरत नसे. ती धरत असे.

तिचा धाकटा भाऊ सुतार. एका रविवारी तो जेवायला आला, तो बहिणीसाठी चिमण्यांची पेटी घेऊनच. नव्या लाकडाची, वर उघडणारं झाकण, पुढे गोल भोक.

“ताई, भोक मुद्दाम एवढंच ठेवलंय हं. चिमणीपुरतं,” तो बोट फिरवून दाखवत म्हणाला. “साळुंकी डोकं घालेल, पण खांदे अडकतील. ती भवानी आत शिरली, तर एक पिल्लू ठेवायची नाही.”

इथवर ठीक होतं. मग जेवताना त्याची नजर टीव्हीवर गेली.

“काय भाऊजी, जगाला पिक्चर दाखवलंत आणि स्वतःच्या घरात मुंग्या?”

खरखरत्या पडद्याला मुंग्या म्हणणं ही साधी थट्टा झाली. पण फ्यूजला त्याच्या आईबापावरून बोललेलं चाललं असतं, पिक्चरवरून नाही. पाण्याचा स्टीलचा जग हाताशी होता. सुकी फळी मोडावी तसा आवाज आला. सुताराने आधी ताट बाजूला सरकवलं, रक्त त्यात पडू नये म्हणून, आणि मग तो आडवा झाला.

बायको भावाला घेऊन दवाखान्यात गेली. तिन्हीसांजेला एकटीच परतली, शिडी लावून परसातल्या भिंतीवर पेटी स्वतःच्या हाताने ठोकली आणि खाली उतरून म्हणाली, “नाक वाकडंच राहणार म्हणाले डॉक्टर. मी भावाकडे जाते. कायमची.”

“अगं, रागाच्या भरात—”

“तुमचा राग भरलेलाच असतो हो. रिकामा कधी असतो ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरत होती, तेवढ्यात चिमणीची जोडी पेटीत काड्या नेताना दिसली. ती अर्धी भरलेली बॅग तशीच ठेवून दारात उभी राहिली. बऱ्याच वेळाने आत आली.

“यांची पिल्लं उडेपर्यंत थांबते,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर नाही टाकायची मी ती.”

फ्यूजला तेवढीच मुदत मिळाली. पिल्लं उडेपर्यंत आपण माणसात आलो, तर ही राहील, असा त्याने मनाशी हिशेब मांडला. एका दुकानदाराने कॅमेरा बंद पडला म्हणून भर गिऱ्हाइकांत त्याला ‘चोराचा भाऊ’ म्हटलं, तेव्हा फ्यूजने दोन्ही हात खिशात कोंबले आणि मान डोलावली. दुकानदारच घाबरला. “दादा, तब्येत बरी आहे ना?” म्हणून त्याने चहा मागवला.

आणि मग त्याला कॅमेऱ्याची कल्पना सुचली. बायको दिवसभर मान वर करून परसात उभी राही. तिला घरात बसून आतलं दिसलं तर? चिमण्या दाणे टिपायला गेल्याचं बघून त्याने पेटीच्या मागच्या फळीत, वरच्या कोपऱ्यात, बोटाएवढा कॅमेरा बसवला. बारक्या भोकातून वायर बाहेर काढली, भिंतीच्या कडेने खिळे मारत खिडकीतून आत घेतली आणि टीव्हीला जोडली. पडद्यावर काड्यांची वाटी आली, आणि त्यात अंडी.

“अगंबाई!” बायको म्हणाली. त्या रविवारनंतर त्याच्यासमोर तिच्या तोंडून निघालेला हा पहिला गोड शब्द.

पण आत अंधार, त्यामुळे चित्र राखाडी. तिला ते पुरत होतं. पुढे पिल्लं निघाली, तीन, मांसाचे नुसते गोळे, तेव्हा ती जेवणाचं ताट टीव्हीपुढेच घेऊन बसू लागली. फ्यूजला मात्र घास उतरेना. पिल्लांची तोंडं आतून लालभडक असतात आणि आपल्या टीव्हीवर ती राखेसारखी! हा पिक्चर गिऱ्हाइकाला दिला असता, तर त्याने वायर गळ्यात घातली असती.

बायको बाजारात गेली तशी तो कानस घेऊन शिडीवर चढला. पुढच्या भोकाची कड त्याने सगळीकडून घासली. चिमणी तारेवर बसून जीव खाऊन ओरडत होती. “थांब गं, तुझ्याच पोरांचा फोटो चांगला यावा म्हणून चाललंय,” तो म्हणाला. उजेड आत पडला. सुताराने काय सांगितलं होतं ते त्याला आठवलंही. पण एवढ्याशाने काय होतंय, असं त्याला वाटलं. शिवाय ते सांगणारा सुतार होता, आणि मुंग्या म्हणणाराही तोच.

बायको आली आणि पिशवी हातात तशीच धरून टीव्हीपुढे थबकली. लाल तोंडं, पिवळ्या कडा, चोचीतली हिरवी अळीसुद्धा हिरवी.

“कसं हो केलंत?”

“सेटिंग असतं,” तो म्हणाला.

ती हसली. त्या दिवशी तिने भावाला फोन केला, तेव्हा बॅगेचा विषय निघाला नाही. फ्यूज दाराआडून ऐकत होता.

साळुंक्या आल्या त्या दिवशी पिल्लांना पंखांचे खुंट फुटले होते. उन्हं वर आली होती. फ्यूज आत दाढी करत होता आणि बायको टीव्हीपुढे भाजी निवडत होती. आधी पेटीवर धप्प आवाज झाला. मग भोकातून पिवळी चोच आत आली, डोकं आलं, आणि मग खांदेही आले.

“अहो!”

तो फेसानिशी बाहेर आला. पडद्यावर साळुंकीने पहिल्या पिल्लाच्या डोक्यात चोच घातली, ओढलं, आपटलं आणि भोकातून बाहेर भिरकावलं. बाहेर दुसरी साळुंकी चिमण्याला खाली दाबून टोचत होती, त्याची पिसं खिडकीच्या काचेवर येत होती. दुसऱ्या पिल्लाला आतलीने पोटाला धरलं. कॅमेऱ्याला आवाजही होता.

“अहो, बघताय काय! जा!”

फ्यूजने पुढचं काही ऐकलं नाही. त्याने शिडी भिंतीला लावली नाही, फेकलीच. दुसरी साळुंकी उडाली. त्याने झाकण उघडलं आणि हात आत घातला.

बायकोला पडद्यावर तो हात दिसला. इतक्या वर्षांत तिने तो असा समोरून कधी पाहिला नव्हता, नेहमी कोणाच्यातरी अंगावर जाताना बाजूने पाहिला होता. आता पाच बोटांनी सगळा पडदा भरला. साळुंकीने अंगठ्याला कडकडून चोच मारली, नख्या मनगटात रुतवल्या. हात क्षणभर थबकला. मग तो वळला, बोटं तिच्या अंगावर मिटली आणि तो तिला आपटू लागला. फळीवर. तळाशी. पुन्हा फळीवर. पुन्हा तळाशी. साळुंकीची मान केव्हाच लोंबायला लागली होती.

तळाशी, कोपऱ्यातल्या काड्यांखाली, तिसरं पिल्लू दडून बसलं होतं. ते दिसत होतं ते फक्त तिला.

“थांबा! अहो, मेली ती! खाली आहे ते! खाली!” ती खिडकीशी धावली, गज धरून ओरडली. तो शिडीवर होता, खिडकीपासून दोन हातांवर. पण मारामारीत बायको मागून ओरडते, हे त्याच्या कानांना सवयीचं होतं.

तो घरात आला तेव्हा एका गालावर फेस होता, दुसऱ्यावर रक्त, आणि मुठीत साळुंकी.

“संपवली,” तो धापा टाकत म्हणाला. “भवानीला संपवली.”

बायकोने टीव्हीकडे बोट केलं. काड्यांची वाटी चपटी झाली होती. मध्ये पिल्लू पडलं होतं, एक पंख वर करून.

“ते जिवंत होतं,” ती म्हणाली. “तिने नाही मारलं.”

फ्यूज बघत राहिला. पुढे गेला, पडद्याला नाक लावून बघितलं. पिल्लू हलेना. त्याच्या मुठीतून साळुंकी खाली पडली.

“ती आत शिरलीच कशी?” बायकोने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “त्याने तर चिमणीपुरतं ठेवलं होतं.”

सुताराचं माप चुकलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“मी घासलं,” तो म्हणाला. “उजेडासाठी.”

तिने मान हलवली. मग त्याला खुर्चीवर बसवलं, गरम पाणी आणलं आणि त्याचा हात धुतला. अंगठा चांगलाच फाटला होता. तिने औषध ओतलं तेव्हा तो कळवळला, पण हात ओढून घेतला नाही. एकेक बोट पुसत तिने पट्टी गुंडाळली, मनगटापर्यंत, घट्ट. बांधून झाल्यावरही ती हात तसाच धरून जराशी बसली. फ्यूजला बरं वाटलं. त्याला वाटलं, आता ही बोलेल, चार शिव्या देईल आणि चहा टाकेल.

ती उठली, आत गेली आणि बॅग घेऊन आली.

“अगं,” तो म्हणाला, “पिल्लं उडेपर्यंत म्हणाली होतीस.”

“कुठली पिल्लं?”

ती हे टोमण्याने म्हणाली नाही. तो उठला आणि तिच्या आधी दाराशी गेला. कडी घट्ट बसायची, ती उजव्या हाताने झटका देऊन काढावी लागे. उजवा हात बांधलेला. त्याने डाव्या हाताने खटपट केली. कडी हलेना. लाथ घातली असती, तर दार एका दमात उघडलं असतं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. त्याने कडी थोडी वर उचलली, थोडी खाली केली, पुन्हा वर उचलली. ती बॅग हातात धरून उभी राहिली, कडी निघेपर्यंत.