वहिनींची घाई

वहिनींना कुठलीच गोष्ट तिच्या मूळ वेगानं चाललेली बघवत नसे. पंखा कायम पाचवर. मोबाइलवरची व्याख्यानंसुद्धा दीडपट वेगानं ऐकायच्या, त्यामुळे मोठमोठे वक्ते आमच्या स्वयंपाकघरात गाडी चुकल्यासारखे बोलत असत. आमच्या टेंभुर्णीहून जाफराबादला जाणारी जीप प्रवाशांची वाट बघत थांबली, की वहिनी खाली उतरून स्वतःच ओरडायच्या, "जाफराबाद, जाफराबाद, एकच शीट बाकी हाये, जल्दी चला!" अर्धी जीप रिकामी असली तरी त्यांच्या हिशोबानं एकच शीट बाकी असे.

अशा बाईच्या हाती माझ्या थोरल्या भावानं कॉम्प्युटर सोपवला. दादा लग्नांचं शूटिंग करायचा आणि वहिनी घरी बसून मिक्सिंग करायच्या. म्हणजे दिवसभराचं शूटिंग कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी टाकायची आणि घरच्यांना बघवेल एवढी फिल्म करून द्यायची. हे सगळं त्या बघूनबघून शिकल्या होत्या. कोणती मावशी रुसली होती, कोणत्या काकांना दोनदा दाखवावं लागेल, हे त्यांना दादापेक्षा जास्त कळायचं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडण्याआधी त्या खिडकीच्या गजाला हात लावायच्या, अंगातला करंट उतरावा म्हणून. जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकालाही लावायला लावायच्या. मी सुट्टीला गावी गेलो की चहाच्या आधी गज धरावा लागे.

काम वाढलं तसं मशीन रडायला लागलं. वहिनी जुन्या जालन्यात गेल्या आणि रॅमची आणखी एक पट्टी घेऊन आल्या. कॉम्प्युटर काम करताना सगळा पसारा ज्यावर मांडून ठेवतो ती ही रॅम. दुकानदार म्हणाला होता, "ताई, घ्यायच्या तर दोन्ही एकसारख्या घ्या. ही जास्त वेगाची हाये, जुनीसंगं जमंलच असं न्हाई."

"मंग चांगल्या चालू पट्टीचं काय लोणचं घालू?" वहिनींनी विचारलं आणि एकच घेऊन आल्या.

दोन पट्ट्या शेजारी बसल्या की दोघी त्यातल्या हळू पट्टीच्या चालीनं चालतात. वहिनींना ते बिलकुल सहन झालं नाही. "नवीनला जुनीच्या चालीनं चालवायचं, हे बराबर न्हाई भाऊजी," त्या मला फोनवर म्हणाल्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन दोघींचा वेग वाढवला आणि थोडा करंटही वाढवून दिला. मशीन पळायला लागलं. अधूनमधून ते हँग व्हायचं, कधी आपोआप बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. वहिनींनी उन्हाळ्यावर खापर फोडलं आणि कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला.

त्याच लग्नसराईत गुरुजींच्या मुलीचं, सुजाताचं लग्न झालं. गुरुजींनी दादाला आणि मला शाळेत शिकवलं होतं. वर्गाबाहेर ते फारसं बोलत नसत. पण त्या दिवशी मांडवात त्रिशरण-पंचशील झालं, नवरानवरीनं एकमेकांना हार घातले, आणि गुरुजींनी आपणहून माईक मागून घेतला. तोवर पंगत बसली होती. दादानं त्यांचं सगळं बोलणं शूट केलं. संध्याकाळी वहिनींनी कॅमेऱ्याच्या कार्डावरचं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये उतरवलं, प्रत्येक क्लिप सुरुवातीला जराशी चालवून बघितली आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कार्ड रिकामं करून दादाला दिलं. आमच्याकडे सगळेच शूटिंगवाले असंच करतात.

महिना झाला नसेल, गुरुजी गेले. बाहेरून आले, पाणी मागितलं, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुजाताची फिल्म तेव्हा निम्मीच झाली होती. वहिनींनी गुरुजींची क्लिप उघडली. पांढऱ्या सदऱ्यातले गुरुजी माईक हातात धरून म्हणत होते, "सुजाता सहावीत होती, तव्हा एक दिवस शाळेतून घरी आली आन् मला म्हणाली..." तिथून पुढे चित्राचे हिरवे चौकोन झाले. आवाज तुटत गेला. शेवटी एकदम टाळ्या ऐकू आल्या.

वहिनींना आधी वाटलं, मशीनचंच आजचं काहीतरी दुखणं आहे. घरात मुलांची भांडणं झाली की त्या म्हणायच्या, "एकेकाला एकटं बसवून विचारा." तेच त्यांनी पट्ट्यांचं केलं. नवीन काढून जुनीला एकटीला बसवलं आणि तपासणीचा प्रोग्रॅम दिवसभर चालवला. जुनी पास. मग नवीन एकटी. तीही पास, वाढवलेल्या वेगातसुद्धा. दोघी एकत्र बसवल्या आणि चुका सुरू झाल्या. वेग मूळचा केला की एकत्रही पास. "दोघीबी खऱ्या हायेत," वहिनी म्हणाल्या. "मीच त्यांना पळवलं."

वेग कमी केल्यावर बाकी फिल्ममध्ये अधूनमधून दिसणारे डाग गेले. गुरुजींची क्लिप मात्र तशीच राहिली, कारण ती कार्डावरून उतरतानाच बिघडून उतरली होती. आणि कार्डावर आता तिसऱ्याच कुणाची तरी वरात होती.

दादा म्हणाला, "कार्ड खराब निघालं म्हणून सांगू. कोण बघायला येऊन राह्यलंय?"

"कार्ड चांगलं होतं," वहिनी एवढंच म्हणाल्या.

पण काकूंकडे जायचं धाडस त्यांना होईना. त्याऐवजी त्या लग्नाला आलेल्या माणसांकडे जाऊ लागल्या. गुरुजी काय बोलले, एवढंच विचारायचं. निदान शब्द तरी मिळाले तर ते पडद्यावर लिहून देता येतील, असं त्यांच्या मनात होतं. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, मलापण मास्तर व्हायचंय, असं सुजाता म्हणाली होती. गुरुजींचे भाऊ म्हणाले, छे, सायकलची गोष्ट होती. आचारी म्हणाला, कंपासपेटीचं काहीतरी होतं, पण मी भाताकडं बघून राह्यलो होतो. कुणाचं कुणाशी जुळेना. वहिनी फिरत राहिल्या. जेवण सुटलं, बोलणं कमी झालं. पंखा कुणीतरी दोनवर केला तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मी त्या दिवसांत घरी होतो, आणि मला खरोखर त्यांची काळजी वाटायला लागली होती.

शेवटी त्यांनी सुजातालाच फोन केला. मी शेजारी बसलो होतो. पलीकडून सुजाता म्हणाली, "वहिनी, मी तर रडून राह्यले होते, मला कायीच ऐकू आलं न्हाई. आन् सहावीत मी काय म्हणले, ते मला कुठून आठवणार? फिल्ममधी बघीन म्हणलं होतं."

फोन ठेवला आणि वहिनी उठल्या. गाडी न काढता चालत गुरुजींच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. काकू ओसरीत तूर निवडत होत्या. वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पट्ट्या, वेग, कार्ड, काहीच सोडलं नाही. काकूंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे गेलं ते?"

"गेलं, काकू."

"मी पंगतीत व्हते," काकू म्हणाल्या. "पाहुण्यायला वाढून राह्यले व्हते. म्हणलं, नंतर बघू सावकाश." मग त्या सूप उचलून पुन्हा तूर निवडायला लागल्या. चहा विचारला नाही. आमच्या गावात चहा न विचारणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींच्या मुलाचं लग्न निघालं. काकू पत्रिका घेऊन स्वतः घरी आल्या, पण शूटिंगचा विषय काढला नाही. दादाला ते फार लागलं. "त्यायचं बराबर हाये," वहिनी म्हणाल्या आणि पत्रिका देव्हाऱ्यापाशी ठेवली.

लग्नात जालन्याहून आलेले शूटिंगवाले होते, ड्रोनसकट. वहिनी अगदी मागच्या खुर्चीत, पदर आवळून बसल्या होत्या. विधी आटोपला. या वेळी बोलणार होत्या काकू. माईक घ्यायच्या आधी त्या सगळा मांडव ओलांडून मागे आल्या. वहिनींचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत नेलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं.

"पंगत थांबवलीये मी," काकू म्हणाल्या. "ह्या पोरायचं मशीन चालू हाये, ते चालू दे. मी काय बोलते ते तू ध्यानात ठेव. त्यायचं बोलणं गेलं. माझं तुझ्यापाशी राहू दे."

वहिनींनी मान हलवली. मग काकू बोलल्या, बराच वेळ बोलल्या. गुरुजींविषयी, सुजाताविषयी, येणाऱ्या सुनेविषयी. मी तिथंच मागे उभा होतो, आणि आता मला त्यातलं धड निम्मंही आठवत नाही. तुम्हाला ऐकायचंच असेल तर टेंभुर्णीला जा आणि वहिनींना विचारा.