पहिला शब्द

आमची मुलगी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, ठीक आहेत म्हणाले. उरवड्याला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकीण काकू म्हणायच्या, "बोलंल की. ऐकतीया ती समदं."

समोरचा डोंगर फोडायचं काम तेव्हा जोरात होतं. सुरुंगाचा बार उडाला की फडताळातली भांडी खणखणायची. मी घरूनच ऑफिसचं काम करायचे, दिवसभर कानाला हेडफोन. मुलगी पायाशी खेळत असायची.

एकदा लक्षात आलं, की बार उडायच्या आधीच ती खेळणी टाकून पलंगाखाली जाऊन बसते. आवाज झाल्यावर नाही, आधी. सलग काही दिवस पाहिलं, रोज तेच. मला भीती वाटायला लागली. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला.

मग एका दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिने माझी ओढणी ओढायला सुरुवात केली.

"थांब गं, दोनच राहिलेत."

ती थांबली नाही. तोंड वर करून, एखाद्या बाप्याच्या घोगऱ्या आवाजात ओरडली, "हटो! बाजू हटो!"

मी इतकी दचकले, की तिला उचलून सरळ घरात पळाले. उंबरा ओलांडला आणि बार झाला. नारळाएवढा दगड दोरी तोडून अंगणातल्या फरशीत रुतला.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढून बसले. बार उडायच्या आधी डोंगरावरून कामगारांची तीच हाळी येत होती, बारीक, वाऱ्यावर मोडलेली. चित्रांच्या पुस्तकातून आम्ही तिला चिऊ-काऊ शिकवत होतो, आणि ती हे शिकत होती.

ठेकेदाराचा माणूस येऊन दगड बघून गेला. "छोटा है," म्हणाला.

त्यानंतर तिला शब्द भराभर फुटले. आई, पाणी, काकूंचं 'न्हाई', 'लई'. घर बोलकं झालं.

गेल्या रविवारी ती पुन्हा पलंगाखाली गेली. "आई, हितं ये."

"आज सुट्टी आहे त्यांना. बार नाही उडणार."

"ऐक ना."

मी तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाले. खरंच यंत्राची घरघर ऐकू येत होती, पण समोरून नव्हे, घराच्या पाठीमागून. मी काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागचा डोंगर बी फोडायला दिलाय आता."