सोनवणे मॅडमचे पातळ थर

सोनवणे मॅडम दाताशी बोलायच्या. पेशंटशी नव्हे, दाताशी. "थांब हं, घाई नाहीये आपल्याला," असं त्या छोट्या आरशात दिसणाऱ्या दाढेला सांगत, आणि खुर्चीतला माणूस आपल्यालाच धीर देताहेत असं समजून हातपाय सैल सोडायचा.

कल्याणजवळच्या मोहन्यात त्यांचा दवाखाना होता. डेंटल कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मी बाळकुमहून तिथे कामाला जाऊ लागले, ती चांगलीच तोऱ्यात. दातात सिमेंट भरायला असं काय लागतं! दाताच्या रंगाचा मऊ गोळा खड्ड्यात दाबायचा, निळा लाइट मारायचा, तो कडक झाला की पुढचा पेशंट. मॅडम मात्र त्याच गोळ्यातून चिमूटभर घ्यायच्या, खड्ड्याच्या एका बाजूला तिरकं टेकवायच्या, लाइट मारायच्या आणि मग दुसऱ्या बाजूला वळायच्या. बाहेरच्या बाकावर लोक जांभया देत बसलेले असत.

"अगं, हे कडक होताना आकसतं," त्या मला म्हणाल्या. "दोन्ही भिंती एकदम धरल्यास, तर दोघींनाही ओढणार. मग कुठेतरी सुटणारच. शिवाय जाड गोळ्यात लाइट तळापर्यंत पोचत नाही. वरून दगड, आतून कणीक."

हे कॉलेजात मी पाठ केलं होतं. पण ते खरं असतं, हे संतोषदादा आल्यावर कळलं.

संतोषदादा कल्याणच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला, आणि क्लॅरोनेटचं तोंड नेमकं त्याच दातावर टेकतं. "दोनदा बसवलेला मॅडम, दोनदा वरातीतच निघाला," तो तोंडावर हात धरून म्हणाला. "आता बोलतात, दात काढून नकली लावा. नकलीवर माझी फूक बसंल का? लग्नं सुरू होतायत. मालक दुसरा माणूस बघतोय."

मॅडमनी दात निरखला. "एकदम गोळा चिकटवलाय, तोही थुंकीत," त्या पुटपुटल्या. मग आजूबाजूचे दात रबराच्या पातळ पडद्याने झाकले, थुंकीचा थेंबही आत येणार नाही असे. तुटलेली कड कोरडी करून आधी मागची पापुद्र्याएवढी भिंत उभारली. लाइट. आतला थर, जरा पिवळसर. लाइट. वरचा थर, काचेसारखा. मध्येच एक बुडबुडा दिसला, तर तेवढा थर खरवडून पुन्हा घातला. मी सक्शनची नळी धरून उभी होते, खांदा भरून आला होता, पण नजर हलवावीशी वाटेना. इतक्या थोड्या जागेत इतकं काम मावतं, याचंच मला नवल वाटत होतं.

संपल्यावर वाटलं, आता म्हणतील, जरा जपून. मॅडम म्हणाल्या, "क्लॅरोनेट आणलंय ना? वाजव."

"इथं? निघाला तर?"

"निघायचा असेल तर माझ्यासमोर निघू दे. वरातीत नको."

त्याने डोळे मिटून फुंकलं. आधी भीत भीत, मग जोरात. बाकावरचे जांभया देणारे उठून दारात आले. तो थांबला, जिभेने दात चाचपला आणि रडायलाच लागला.

मागच्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. दवाखाना आता मी बघते. या लग्नसराईत संतोषदादा पुन्हा तोंडावर हात धरून आला. घोडबंदर रोडला एका हळदीत नाचणाऱ्या पाहुण्याचा कोपर वाजत्या क्लॅरोनेटवर बसला होता. मला वाटलं, मॅडमचं काम गेलं!

त्याने हात काढला. तुटला होता तो शेजारचा, देवाने दिलेला दात. मॅडमनी केलेला कोपरा जागच्या जागी होता. मी भिंगातून जोड शोधत राहिले आणि मला तो सापडेना.

बाहेर बाक भरलेला होता. मी चिमूटभर मटेरियल उचललं आणि त्या दाताला म्हणाले, "थांब हं, घाई नाहीये आपल्याला." संतोषदादाने चमकून माझ्याकडे पाहिलं.

काम झाल्यावर तो खिशातून रुमाल काढत उठू लागला. मी त्याला पुन्हा बसवलं.

"वाजव," मी म्हटलं.